लहान आणि शांत घरगुती संगणक निवडताना उष्णतेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभ्यासाच्या खोलीत साधारण दहा वर्षांपूर्वीचा, उभ्या कॅबिनेटचा संगणक आहे. तो सुरू केला की खोलीभर घरघर ऐकू येते आणि रात्री शेजारी कोणी झोपलेले असेल तर तो बंदच ठेवावा लागतो. वापर अगदी साधा आहे: ब्राउझर, ई-मेल, पत्रे आणि हिशेबाचे तक्ते, फोटोंचा संग्रह, आठवड्यातून दोन-तीन व्हिडिओ कॉल आणि अधूनमधून एखादा चित्रपट. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. त्याच्या जागी लहान आणि ऐकू न येणारा संगणक हवा आहे. तो पंख्याशिवायचा घ्यावा का, त्यात कोणता प्रोसेसर पुरेल आणि कार्यालयांतून निघालेले, वापरलेले छोटे संगणक घेण्यात धोका आहे का, असे तीन उपप्रश्न सोबत आहेत.

गेली वीसेक वर्षे लोकांचे संगणक जोडणे, उघडणे आणि दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण त्यातला मुद्दा एकच आहे. अशा वापरासाठी आज मिळणारे बहुतेक संगणक वेगाला पुरेसे आहेत, त्यामुळे निवड वेगावर करू नये. यंत्र किती उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर टाकायला त्याच्यापाशी किती जागा आहे, यावर करावी. पंख्याचा आवाज हा त्या उष्णतेचाच परिणाम असतो, आणि "सायलेंट" असे खोक्यावर छापल्याने त्यात काही फरक पडत नाही.

खरेदीआधी सध्याचा आवाज नेमका कशाचा आहे ते पाहून घ्यावे, कारण त्यातून तुमच्या कानाला काय खुपते हेही कळते. वर्तमानपत्राची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे कॅबिनेटच्या बाहेरून निरनिराळ्या भागांजवळ न्यावे. दिसायला हा प्रकार हास्यास्पद आहे, पण मी आजही तोच करतो आणि आवाजाचा उगम बहुतेक वेळा बोट ठेवून दाखवता येतो. खालच्या पट्टीतली सलग गुणगुण असेल तर ती हार्ड डिस्कची. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि तोच १२० हर्ट्झचा सूर पत्र्यातून टेबलात उतरतो. कॅबिनेटखाली टॉवेलाची जाड घडी ठेवल्यावर तो एकदम मंदावला तर निदान पक्के समजावे. वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज पंख्याच्या वेगाचा, आणि खरखर किंवा टकटक झिजलेल्या बेअरिंगची असते.

कधीकधी इथेच प्रश्न सुटतो. धूळ काढली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, बसवली, की जुनाच संगणक निम्म्याहून शांत होतो. तुमच्या बाबतीत मात्र हा खर्च करावा असे मला वाटत नाही. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि त्यानंतरची वाढीव सुरक्षा अपडेटची सोय तात्पुरतीच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ मध्ये आली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे यंत्र त्या अटीत बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून ते यंत्र आणखी काही वर्षे चालेल हे खरे, पण लहान संगणक हवाच आहे तर वेगळ्या यंत्राचा विचार करणे रास्त.

आता उष्णतेकडे वळू. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पत्र लिहिताना किंवा वाचताना लहान संगणक सहा ते दहा वॅटवर रेंगाळतो, जुना टॉवर त्याच वेळी पन्नास-साठ वॅट सहज घेतो. रोज आठ तास वापर धरला तर दहा वॅटच्या यंत्राचे वर्षाला सुमारे २९ युनिट होतात आणि पन्नास वॅटच्या यंत्राचे १४६. पण आवाजाच्या दृष्टीने ही सरासरी तितकी महत्त्वाची नाही. आवाज ठरतो तो क्षणिक उसळीमुळे. तुम्ही एखादे वजनदार संकेतस्थळ उघडता, प्रोसेसर दीड-दोन सेकंद पूर्ण ताकदीने पळतो, तेवढ्यात त्याचे तापमान वीस-तीस अंशांनी चढते, पंखा दचकून जोरात फिरू लागतो आणि पान उघडून झाल्यावर पुन्हा मंदावतो. दिवसभर हे असे शंभर वेळा होते. एकसुरी मंद आवाज कान थोड्या वेळात विसरतो, पण हा चढ-उतार विसरता येत नाही. शांत म्हणून घेतलेला संगणक आवाज करतो अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा प्रकरण हेच असते.

याचा अर्थ असा की कागदावरच्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला आणि स्वस्त मिनी-पीसींमध्ये आज तो किंवा त्याचा थोडासा सुधारलेला भाऊ एन१५० सर्वत्र दिसतो. त्याची अधिकृत मर्यादा ६ वॅट आहे. मात्र पुष्कळ उत्पादक वेगाच्या चाचणीत आकडा चांगला यावा म्हणून ती बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) १५ वॅट किंवा त्याहूनही वर नेऊन ठेवतात, आणि डबी मात्र तळहाताएवढीच. मग पंखा किंचाळणारच. सुदैवाने ही मर्यादा बहुतेक यंत्रांत परत खाली आणता येते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावे, तिथे पॉवर लिमिट या नावाचे दोन आकडे सापडतात. पहिला सलग कामासाठी, दुसरा क्षणिक उसळीसाठी. पहिला ८ ते १० आणि दुसरा १२ ते १५ वर आणला तर ब्राउझर आणि ई-मेलच्या कामात फरक जाणवत नाही, पंखा मात्र जवळजवळ स्थिर होतो. बायोसला हात लावायची भीती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के करावी. एका टक्क्याचा हा बदल दिसायला क्षुल्लक आहे, पण इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत त्यामुळे टर्बोची, म्हणजे नेहमीच्या वेगापलीकडची, उसळीच बंद होते. काही नव्या यंत्रांत हा पर्याय लपवलेला असतो. तिथे पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशिअन्सी"वर ठेवला तरी बराचसा परिणाम साधतो.

डेसिबलच्या आकड्यांविषयी दोन शब्द. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल घटतात. त्यामुळे "फक्त २५ डेसिबल" असे लिहिताना ते किती अंतरावरून आणि कोणते काम चालू असताना मोजले हे सांगितले नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. रात्रीच्या शांत खोलीचा स्वतःचा आवाजच ३० डेसिबलच्या आसपास असतो. त्याखाली राहणारे यंत्र हातभर अंतरावरून फारसे ऐकू येत नाही. शिवाय आवाजाची जातही पाहावी लागते. चाळीस मिलिमीटरचा पंखा पुरेशी हवा ढकलण्यासाठी अतिशय वेगाने फिरतो आणि डासासारखा बारीक सूर काढतो, तर त्याहून मोठा पंखा तेवढीच हवा सावकाश फिरून हलवतो. म्हणूनच सर्वांत लहान संगणक सहसा सर्वांत शांत नसतो. तुम्ही "लहान" आणि "शांत" हे दोन शब्द एका दमात लिहिले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी थोडे वाकडे आहे. अर्ध्या लिटरची डबी आणि एक लिटरचा चौकोनी डबा यांत टेबलावर व्यापलेल्या जागेचा फरक किरकोळ असतो, आवाजाचा मात्र मोठा असू शकतो.

इथे पहिल्या उपप्रश्नाकडे येतो. पंखाच नसेल तर पंख्याचा आवाज कुठून येणार, हे तर्काला पटते, आणि माझ्या स्वतःच्या घरी पहिला मिनी-पीसी मी याच तर्काने आणला होता. ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असलेले जड, देखणे यंत्र होते. ते मी पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या, दार असलेल्या कप्प्यात ठेवले, कारण तारा दिसू नयेत. पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी एक लांब व्हिडिओ कॉल चालू असताना तासाभराने माझे चित्र अडखळू लागले, मग समोरच्याचा आवाज तुटू लागला. इंटरनेटला दोष देऊन झाल्यावर कपाटाचे दार उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली आणि यंत्रावर हात दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेववेना. प्रोसेसर जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करत होता. दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. पंखा नसलेल्या संगणकाचे कवच हेच त्याचे शीतक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणारा भाग, असते. त्याला चारही बाजूंनी मोकळी हवा लागते, पाकळ्या शक्यतो उभ्या राहतील असे ठेवावे लागते आणि त्यावर राउटर किंवा पुस्तक ठेवणे म्हणजे उकळत्या भांड्यावर घट्ट झाकण ठेवण्यासारखे आहे.

पंख्याशिवायच्या यंत्रांची आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मदरबोर्डावर विजेचा दाब बदलणाऱ्या छोट्या गुंडाळ्या असतात, आणि त्यांतून वाहणारा प्रवाह झपाट्याने कमी-जास्त झाला की त्या सूक्ष्म थरथरतात. त्यातून किणकिण किंवा चिरचिर असा बारीक आवाज येतो. पानावर माउसचे चाक फिरवले की तो तालात बदलतो. पंखा असलेल्या यंत्रात तो झाकला जातो, पंख्याशिवायच्या यंत्रात रात्री तो एकटाच उरतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही तो वेगवेगळा असतो, त्यामुळे परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच असा संगणक घ्यावा. माझे मत विचाराल तर ज्याला मोकळी जागा देता येते आणि ज्याचा प्रोसेसर खरोखरच ६ ते १० वॅटला बांधलेला आहे असा पंख्याशिवायचा संगणक उत्तम, पण बहुतेक घरांत चांगला, सावकाश फिरणारा पंखा असलेले यंत्र जास्त निश्चिंत ठेवते.

प्रोसेसरबद्दल लोक सर्वाधिक विचारतात आणि तुमच्या वापरासाठी तोच सर्वांत कमी चिंतेचा भाग आहे. एन१०० मध्ये चार गाभे (कोअर) आहेत आणि त्याची एकूण क्षमता साधारण २०१५ च्या डेस्कटॉप आय५ च्या आसपास जाते. पत्रे, ब्राउझर, कॉल या सगळ्याला ती पुरते. एकाच वेळी वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवून वर व्हिडिओ कॉल करायची सवय असेल तर मात्र एएमडीच्या रायझन ५ किंवा इंटेलच्या आय५ चा लॅपटॉप वर्गातला, नावाअखेरीस यू अक्षर येणारा प्रोसेसर असलेले यंत्र पाहावे. नावांच्या बाबतीत सावध राहावे. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉप वर्गात सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे सोडून नुसते "इंटेल प्रोसेसर" म्हणायला सुरुवात केली, तरीही सेलेरॉन जे४१२५ सारखे जुने प्रोसेसर नव्या चकचकीत खोक्यांत अजून विकले जातात. रायझनच्या ७००० मालिकेत तर तिसरा अंक पाहिल्याशिवाय वयच कळत नाही: ७५२०यू म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना, ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि ७५४०यू म्हणजे झेन ४. पहिला ७ पाहून नवे समजणारे फसतात.

प्रोसेसरच्या बाबतीत वेगापेक्षा जास्त महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती पुन्हा उष्णतेशीच येऊन मिळते. ऑनलाइन व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवलेला असतो, ती उलगडण्याचे खास सर्किट चिपमध्ये असेल तर चित्रपट पाहताना प्रोसेसर निवांत बसून राहतो. नसेल तर तेच काम मुख्य गाभ्यांना करावे लागते, तापमान चढते आणि नेमक्या शांत प्रसंगाच्या वेळी पंखा घोंगावू लागतो. अशा पद्धतींपैकी एच.२६४ सगळ्या चिपना येते. व्हीपी९ इंटेलच्या सातव्या पिढीपासून नीट येते. एव्ही१ मात्र अकराव्या पिढीपासून येते, आणि एन१०० मध्येही ते आहे. त्यामुळे आठव्या पिढीचा आय५ गणिताच्या कामात एन१०० पेक्षा पुढे असला, तरी एव्ही१ मधला व्हिडिओ दाखवताना तो जास्त घाम गाळतो.

मेमरी आणि साठवण यांत काटकसर करू नये. "संगणक स्लो झाला" अशी तक्रार आली की मी प्रोसेसरकडे पाहतच नाही. मेमरी भरलेली असते किंवा डिस्क मंद असते. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे, पण त्या यंत्रावर ब्राउझरचे पाच टॅब उघडून पाहावेत म्हणजे ती अट कोणासाठी लिहिली असा प्रश्न पडतो. ८ जीबी हे किमान, १६ जीबी हे समाधानाचे. एन१०० मध्ये मेमरीचा एकच मार्ग असतो आणि बहुतेक बोर्डांवर एकच खाच असते, तर काहींत मेमरी बोर्डावर डाख देऊन कायमची जोडलेलीच असते. म्हणून ती सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. साठवणीत "ईएमएमसी" हा शब्द दिसला की खोके खाली ठेवावे. ती फोन आणि टॅब्लेटच्या दर्जाची, मंद आणि बदलता न येणारी साठवण असते. एम.२ खाचेत बसणारी एसएसडी हवी, शक्यतो २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, कारण त्या मापाची पट्टी पुढे बदलायला सहज मिळते. ती साटा जोडणीची असो वा जास्त वेगवान एनव्हीएमईची, तुमच्या वापरात फरक फारसा जाणवणार नाही. कागदावर एक सेकंदाला ५५० एमबी आणि दुसरी ३,५०० एमबी वाचत असली तरी पत्र उघडायला दोघींना सारखाच वेळ लागतो. फोटोंचा संग्रह आहे म्हणून ५१२ जीबी घ्यावी.

दुसऱ्या हाताच्या संगणकांबद्दल मात्र मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण माझा कल तिकडे आहे. लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचा एलिटडेस्क मिनी या तिन्ही मालिका साधारण एक लिटर आकाराच्या. कार्यालये ठराविक वर्षांनी असे संगणक एकदम बदलतात, आणि ते स्वच्छ करून पुन्हा विकले जातात. त्यांतल्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस "टी" असेल, उदाहरणार्थ २०१८ चा आय५-८५००टी, तर त्याची मर्यादा ३५ वॅट असते. आकडा एन१०० च्या कितीतरी वर दिसतो, पण या डब्यांतला पंखा मोठा, तांब्याचे शीतक जाड आणि पंख्याचा वेग ठरवणारे बायोस विचारपूर्वक लिहिलेले असते, त्यामुळे साध्या कामात ते बहुधा तळहाताएवढ्या स्वस्त डबीपेक्षा शांत राहतात. सुटे भाग मिळतात, मेमरीच्या दोन खाचा असतात आणि कवच उघडायला बहुतेक वेळा मागचा एकच स्क्रू पुरतो.

असा संगणक हातात आला की मी पहिल्यांदा काय करतो ते सांगतो. मागचा स्क्रू सैल करून वरचे झाकण सरकवून काढतो. पंख्याचे पाते आणि शीतकाच्या पाकळ्या यांच्या मध्ये बोट घातले तर बहुतेक वेळा मळकट, करड्या रंगाची लोकरीच्या कापडासारखी एक पट्टी निघते. ती धूळच असते, वर्षानुवर्षे दाबून बसलेली. ती चिमट्याने काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून, मगच हवेच्या फवाऱ्याने बाकीची धूळ उडवतो. पाते मोकळे सोडून फवारा मारला तर पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग बिघडते. मग शीतक सोडवून प्रोसेसरवरची सुकून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट (उष्णता शीतकापर्यंत नेणारा लेप) पुसतो आणि वाटाण्याच्या दाण्याहून लहान असा नवा ठिपका लावतो. अर्ध्या तासाचे काम असते, पण त्यानंतर तेच यंत्र ओळखू येत नाही इतके शांत होते. हे स्वतः करायचे नसेल तर विक्रेत्याला आधीच विचारावे, पेस्ट बदलली आहे का. प्रश्न ऐकून तो गोंधळला तर दुसरा विक्रेता शोधावा.

धोके आहेत, पण ते तपासता येण्याजोगे आहेत. बायोसला जुन्या कार्यालयाचा पासवर्ड राहिलेला नसावा. वाय-फायचे कार्ड पुष्कळ वेळा नसतेच, कारण कार्यालयात तारेनेच काम चालते. मागे एचडीएमआय नसून फक्त डिस्प्लेपोर्ट असू शकते, तेव्हा मॉनिटरची खाच पाहून घ्यावी. अ‍ॅडॉप्टर मूळ असावा: एक लिटरच्या यंत्रांचे अ‍ॅडॉप्टर साधारण १९ ते २० व्होल्टचे, तर एन१०० च्या डब्यांचे बहुधा १२ व्होल्टचे असतात. दोन्हींचे टोक एकमेकांत बसले म्हणून वापरू नये, बोर्ड जळतो. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर तारीख-वेळ दर वेळी मागे जाते, तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

नव्या पण अपरिचित नावाच्या मिनी-पीसींचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. २०२४ मध्ये अशा काही यंत्रांवर कारखान्यातूनच आलेले हेरगिरीचे सॉफ्टवेअर सापडले होते. यंत्र चांगले असेल तरी त्यावर आलेली विंडोज मी वापरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून यूएसबी पेनड्राइव्ह तयार करून, डिस्क पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकतो. ड्रायव्हर, म्हणजे सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअरे, मात्र आधी उतरवून ठेवावीत, नाहीतर वाय-फायच चालत नाही आणि वाय-फाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, अशा फेऱ्यात माणूस अडकतो.

अ‍ॅपलचा मॅक मिनी इथे सोडून चालणार नाही. २०२४ च्या अखेरीस आलेला एम४ चिपचा मॅक मिनी जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आहे, सुरुवातीलाच १६ जीबी मेमरी देतो, आणि त्यात पंखा असूनही साध्या कामात तो मला कान लावूनही ऐकू आलेला नाही. केवळ शांततेच्या निकषावर मी त्यालाच पहिला क्रमांक देईन. पण मेमरी पुढे वाढवता येत नाही, चालू करायचे बटण तळाशी आहे, आणि विंडोजची इतक्या वर्षांची सवय मोडून नवी लावून घ्यावी लागते. तुमच्या वापरासाठी ही उडी आवश्यक नाही. रास्पबेरी पाय ५ या एका पट्टीवरच्या चिमुकल्या संगणकावरही ब्राउझर चालतो, तो मला फार आवडतो, आणि म्हणूनच मी तो तुम्हाला सुचवत नाही, कारण त्याला छंद म्हणून वेळ द्यावा लागतो. लॅपटॉप बंद करून मॉनिटरला जोडून ठेवण्याची कल्पनाही चालते, परंतु बारा महिने चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी काही वर्षांत फुगू शकते.

जागेविषयी एक गोष्ट अवश्य सांगायला हवी. बऱ्याच मॉनिटरांच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार छिद्रे असतात आणि मिनी-पीसी तिथे पट्टीने अडकवता येतो. टेबल मोकळे होते आणि यंत्र कानापासून दूर, पडद्यामागे जाते, हे दोन्ही फायद्याचे. अडकवण्यापूर्वी मॉनिटरचा पाया तीच छिद्रे वापरत नाही ना, हवेच्या जाळ्या खाली दाबल्या जात नाहीत ना आणि चालू करायचे बटण हाताला लागते ना, हे पाहावे. एकदा एका ओळखीच्यांकडे असा संगणक अडकवल्यावर बिनतारी माउस अडखळू लागला. बाण दोन बोटे सरकायचा आणि थांबायचा. सेल बदलले, माउस बदलला, काही उपयोग झाला नाही. शेवटी लक्षात आले की माउसचा इवलासा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत होता आणि लगतच्या खाचेत बाह्य डिस्क जोडली होती. यूएसबी ३ वरून माहिती वाहत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर वीतभर लांबीच्या वाढीव तारेने मॉनिटरच्या पुढे आणला आणि माउस सुतासारखा सरळ आला. मॉनिटर ४के असेल तर यंत्राची एचडीएमआय खाच २.० किंवा पुढची आहे याची खात्री करावी, १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि बाण सतत मागे ओढल्यासारखा वाटतो.

एवढ्यावरून तुमच्यापुरते सांगायचे तर, यंत्र स्वतः किंवा जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्यायची तयारी असेल तर आठव्या ते दहाव्या पिढीचा, टी अक्षराचा आय५ असलेला एक लिटरचा वापरलेला संगणक, १६ जीबी मेमरी आणि नवी ५१२ जीबी एसएसडी असा घ्यावा. तशी तयारी नसेल, किंवा ऑनलाइन व्हिडिओ पाहणे रोजचेच असेल, तर एन१०० किंवा एन१५० चा नवा मिनी-पीसी, त्यातही सर्वांत चिमुकला टाळून थोडा मोठ्या कवचाचा, १६ जीबीचा, आणि आल्याबरोबर पॉवर लिमिट खाली आणून. आल्या रात्री घरातला पंखा बंद करून, अर्धा तास व्हिडिओ कॉल आणि त्यापाठोपाठ अर्धा तास चित्रपट असे चालवून पाहावे. बारीक चिरचिर ऐकू आली तर ती सवयीने जाईल या आशेवर परतीची मुदत घालवू नये.

जुन्या टॉवरमधली हार्ड डिस्क फेकू नका. ती काढून यूएसबी कवचात घातली की फोटो नव्या यंत्रावर उतरवता येतील. मात्र दहा वर्षे फिरलेल्या त्या डिस्कवर बॅकअपसाठी विसंबू नये. त्यासाठी एक नवी बाह्य डिस्क आणून महिन्यातून एकदा प्रत घ्यावी आणि एरवी ती तार काढून खणात ठेवावी.